श्रावणाची यादी

आमची कन्या पुण्याला नोकरी करते. यंदा आषाढ अमावास्येच्या रात्री तिचा फोन आला आणि तिने मला गृहपाठ घातला. "बाबा, महिनाभरात तुम्हांला जे जे आवडेल ते लिहून ठेवायचं. टीव्ही, सिनेमा, पॉडकास्ट, पुस्तक आणि खाणं, असे पाच रकाने पाडा. महिना संपला की मला पाठवायचं. आमच्या ऑफिसात सगळेच करतात."

"आणि नावडलेले?" मी विचारले.

"ते तुम्ही न सांगताच सगळ्यांना कळतं," असे म्हणून तिने फोन आईकडे द्यायला सांगितले.

एकतीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला आपली आवड सांगणे जड जाते. वर्गात आवडता विद्यार्थी असू नये, असला तर तो कोणाला कळू नये, हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकतो आणि मग ती सवय हाडात मुरते. 'माझा आवडता पक्षी' हा निबंध मी किती हजार वेळा तपासला असेल! मोर आणि पोपट यांच्या पलीकडे कोणी गेल्याचे आठवत नाही. आमच्या खानापूर तालुक्यात धनेश डोक्यावरून ओरडत जातो, पोरे त्याच्याकडे माना उंचावून बघतात, पण परीक्षेत पुन्हा मोरच. खरी आवड लिहिली तर मार्क जातील असे त्यांना वाटत असावे. आता माझी गत तशीच झाली.

वही शोधू लागलो तर गेल्या वर्षीचा आठवीचा हजेरीपट हाताशी आला. साठ ओळींचा पट. वरच्या चौदा ओळी भरलेल्या, खाली सगळे कोरे. शाळेचा कागद मुख्याध्यापकाने घरकामाला वापरला अशी तक्रार कोणाला करायची असेल तर त्याने खुशाल करावी. यंदाच्या आठवीत अकराच नावे आहेत, म्हणजे पुढच्या वर्षी आणखी कोरा कागद मिळेल.

पहिला रकाना टीव्हीचा. आमच्या घरी रिमोटची मालकी सौ.कडे आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. ती 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' लावते तेव्हा मीही हसतो, पण शेजारच्या खोलीतून. समोर बसून हसलो तर पेपर तपासायचे सोडून टीव्ही बघतो असे होईल. यादीत मात्र मी दुसराच कार्यक्रम घातला. आमच्या शाळेत कन्नड शिकवणारे सर आहेत. त्यांनी मला मोबाईलवर 'थट्ट अंत हेळी'चे जुने भाग काढून दिले. नावाचा अर्थ 'चटकन सांगा'. बेंगळूर दूरदर्शनच्या चंदन वाहिनीवर २००२ साली सुरू झालेला हा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम. चालवणारे डॉ. ना. सोमेश्वर हे खरोखरीचे वैद्यकी शिकलेले डॉक्टर. तिथे कोटी-लाखांच्या गोष्टी नाहीत. बरोबर उत्तर आले की हातात एक पुस्तक ठेवायचे, बस्स. पुस्तक मिळाले म्हणून हसणारी माणसे टीव्हीवर बघायला मिळतात, हेच मला अपूर्वाईचे वाटले. आमच्या स्नेहसंमेलनात पुस्तक बक्षीस दिले तर पोरे पाकिटासारखे हलवून बघतात, आत काही आहे का म्हणून.

श्रावणातल्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी मी मोबाईल डब्याला टेकवून हा कार्यक्रम बघत होतो. आई शेजारी सूप घेऊन तांदूळ निवडत होती. आई एरवी बेळगावात थोरल्या भावाकडे असते. आषाढात तिला आमच्याकडे आणली. वय चौऱ्याऐंशी. डॉक्टर तिच्या दुखण्याला विस्मरण म्हणतात. सकाळी ती ठीक असते, देवपूजा होईपर्यंत सगळे नावानिशी ओळखते. दुपार कलली की तिच्या घरातली माणसे बदलू लागतात. तर कार्यक्रमात एक म्हण अर्धी सांगितली, "कै केसरादरे", आणि पुढचा तुकडा विचारला. समोरचे स्पर्धक विचारात पडलेले. आई सुपातून मान न उचलता म्हणाली, "बायि मोसरु."

हात चिखलात गेला तर तोंडात दही पडते, असा त्या म्हणीचा अर्थ. मला म्हण माहीत होती. माझे कन्नड परिपत्रकांचे असले तरी तेवढे येते. मी दचकलो ते दुसऱ्याच कारणाने. आईच्या तोंडून माझ्यासमोर उघडपणे आलेला कन्नड शब्द मी जवळजवळ पन्नास वर्षांनी ऐकत होतो.

इथे थोडे मागे जायला हवे. आई बैलहोंगल तालुक्यातली. काळी जमीन, कापूस, जोंधळा आणि घरात कन्नड. आमच्या आजोबांचे तिकडे बैलांच्या बाजाराला जाणे-येणे होते, त्यातून ही सोयरीक जमली. १९६० साली ती भाकरीच्या मुलुखातून भाताच्या मुलुखात आली. पहिल्या पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसला नाही म्हणून ती रडली होती, असे आजी सांगायची. मराठी ती सहा महिन्यांत शिकली. तिला शिकावीच लागली, कारण वडील सीमा चळवळीतले, सत्याग्रहात तुरुंग बघून आलेले. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले आणि ते वडिलांना कधीच पटले नाही. आपली भाषा कचेरीतून, पाटीवरून, पावतीवरून कशी एकेक करून उतरते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांनी घरात कन्नड बोलू नका असा हुकूम कधी काढला नाही. तो न काढताच सर्वांना कळलेला होता.

मी आठ वर्षांचा असताना मामा पंचमीला आईला न्यायला आला. दोघे ओट्यावर बसून कन्नडमध्ये बोलत होती आणि मधेच माझ्याकडे बघून हसली. मला वाटले, मलाच हसतात. संध्याकाळी वडिलांसोबत चळवळीतली चार माणसे ओट्यावर बसलेली, त्यांच्यासमोर जाऊन मी सांगितले, "आई कानडी बोलते." वडील काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त आत बघितले. त्यानंतर मामा आला की आई त्याला मागच्या पडवीत बसवायची आणि दोघे इतक्या हळू बोलायची की आम्हांला फक्त बांगड्या ऐकू येत. पुढे मामा गेला. मग पडवीतले बोलणेही संपले.

यादीचा दुसरा रकाना सिनेमाचा. तोही कन्नड सरांमुळेच भरला. सिनेमाचे नाव एखाद्या शाळेच्या फलकाएवढे लांब आहे : 'सरकारी हिरिय प्राथमिक शाळे, कासरगोडु, कोडुगे : रामण्णा रै'. कोडुगे म्हणजे देणगी. ऋषभ शेट्टी यांचा हा चित्रपट २०१८ सालचा आहे. सर गेली सात वर्षे मला तो बघायला सांगत होते आणि मी टाळत होतो. कन्नड शाळेसाठी रडणारा सिनेमा बेळगाव भागातल्या मराठी मुख्याध्यापकाने कशाला बघावा, असा माझा हिशेब. सर कधी आग्रह करत नाहीत. दरवर्षी एकदा विचारतात, नंतर पुन्हा विचारत नाहीत. यंदा शाळेत सलग पावसाची सुट्टी पडली आणि त्यांनी दिलेला सिनेमा मी लावला.

कासरगोड हे आपल्यासारखेच गाव. १९५६ पर्यंत मद्रास राज्याच्या दक्षिण कन्नड जिल्ह्यात होते, त्याच पुनर्रचनेत केरळात गेले. महाजन आयोग १९६६ साली नेमला तेव्हा त्याच्या टेबलावर बेळगाव आणि कासरगोड शेजारी शेजारी होती. त्या अहवालाचे पुढे काय झाले ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. तर केरळातल्या त्या गावात कन्नड माध्यमाची एक शाळा आहे आणि वरचा अधिकारी ती बंद करायला टपला आहे. गणित शिकवायला जो मास्तर पाठवतात त्याला मल्याळम येते, कन्नड येत नाही. पोरे फळ्याकडे बघत बसतात.

त्या प्रसंगाला आजूबाजूचे प्रेक्षक हसत असतील. मी सिनेमा थांबवला आणि पाणी प्यायलो. असा तास मी पाहिलेला आहे. कुठल्या शाळेत आणि कोणाचा, ते राहू द्या. आमच्याकडे तो मास्तर कन्नडचा असतो आणि पोरे मराठी, एवढाच काय तो फरक. बिचारा मास्तर वाईट नसतो, हे त्या सिनेमात दाखवले आहे आणि ते खरे आहे. त्यालाही बदलीचा कागद कोणीतरी हातात दिलेला असतो.

उत्तरार्ध मला तितका पटला नाही. पोरे म्हैसूरला जातात, तिथून एका गृहस्थांना आणतात आणि ते कोर्टात उभे राहून शाळा वाचवतात. अनंत नाग यांनी ते काम असे केले आहे की काही बोलायला जागा नाही. पण म्हैसूरहून असे कोणी आल्याचे मी एकतीस वर्षांत पाहिले नाही. कासरगोडलाही आले नसावे. शिवाय सिनेमातली शाळा बंद पाडायला एक दुष्ट माणूस लागतो. आमच्याकडे दुष्ट माणसाची गरज पडत नाही. मी १९९४ ला रुजू झालो तेव्हा आठवीच्या दोन तुकड्या होत्या आणि दुसऱ्या तुकडीला बाके कमी पडत. त्यातली मुले आता आईबाप झाली आहेत. त्यांची मुले सकाळी पिवळ्या बसमधून आमच्या फाटकावरून इंग्रजी शाळेला जातात. मला बघून नमस्कार करतात, गुणी मुले आहेत.

आणि त्या बसमधून माझा मुलगाही गेलेला आहे. हे मी आजवर कुठल्या भाषणात सांगितलेले नाही. कन्या आमच्याच शाळेत दहावीपर्यंत शिकली. धाकट्याला मात्र २००८ साली पहिलीपासून इंग्रजी माध्यमात घातले. सौ.चा हट्ट होता असे मी लोकांना सांगत असे. सौ.चा हट्ट होता हे खरे, पण फॉर्मवर सही माझी आहे आणि सही करताना माझा हात थरथरला वगैरे काही नाही. मुलगा आज बेंगळुरात आहे, चांगला आहे. जूनमध्ये पट वाढवायला आम्ही शिक्षक घरोघर हिंडतो तेव्हा एखादी बाई चहा पुढे करत विचारते, "सर, तुमचा बाळ कुठल्या शाळेत होता हो?" तिला उत्तर माहीत असते. मी चहा पितो.

सिनेमा आवडला असे यादीत लिहिले. का आवडला ते रकान्यात मावले नाही.

पुस्तकाचा रकाना भरायला मी बेळगावला सार्वजनिक वाचनालयात गेलो. आधी बानू मुश्ताक यांच्या कथा वाचाव्यात असे मनात होते. यंदाच्या मे महिन्यात (२०२५) त्यांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले तेव्हा कन्नड सरांनी शिक्षकखोलीत पेढे वाटले होते. कन्नड पुस्तकाला ते बक्षीस पहिल्यांदाच. पेढा खाऊन पुस्तक न वाचणे बरे दिसत नाही. पण माझे परिपत्रकी कन्नड त्या कथांना पुरेना. दुसऱ्या पानावर दम लागला. ते कर्ज अजून डोक्यावर आहे. मग हाताला लागले उमा कुलकर्णी यांचे 'संवादु अनुवादु'. हे त्यांचे आत्मकथन २०१७ साली आले, मी आठ वर्षे उशिरा वाचले. उमाताई मूळच्या आपल्या बेळगावच्या. शिवराम कारंत, भैरप्पा, तेजस्वी ही मंडळी मराठी घरांत आली ती बरीचशी त्यांच्या हातून. भैरप्पांच्या 'वंशवृक्ष'च्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. यादी पाठवून महिना झाला आणि २४ सप्टेंबरला भैरप्पा गेल्याची बातमी आली. शाळेत आम्ही दोन मिनिटे उभे राहिलो. अकरा मुलांपैकी तिघांनी नाव ऐकले होते, तेही घरी आजीने 'वंशवृक्ष' मराठीत वाचले म्हणून.

पण मला त्या पुस्तकात धरून ठेवले ते त्यांच्या कामाच्या रीतीने. विरूपाक्ष कुलकर्णी यांची मातृभाषा कन्नड. ते कन्नड कादंबरी मोठ्याने वाचायचे आणि टेप करायचे. उमाताई ती टेप ऐकत ऐकत मराठीत उतरवायच्या. एवढाल्या कादंबऱ्या आधी नवऱ्याच्या आवाजात घरात फिरल्या आणि मग कागदावर आल्या. एकाच घरात दोन भाषा राहिल्या आणि कोणाला पडवीत जावे लागले नाही. हे वाचताना मी पुस्तक मिटून आईच्या खोलीकडे बघितले. दार अर्धे उघडे होते. आई भिंतीकडे तोंड करून निजली होती.

आता पॉडकास्ट. पॉड म्हणजे शेंग, एवढे इंग्रजी मला येते. पुढचे कन्येने शिकवले. आमच्या पिढीने रेडिओवर श्रुतिका आणि भाषणे ऐकली, तेच हे, पण वेळेचे बंधन नाही, असे मी मनाशी समजून घेतले. तिने पाठवलेले चार-पाच ऐकले. मुले हुशार आहेत, बोलतात मोकळे. पण दोन माणसे समोरासमोर बसून पावणेदोन तास बोलतात, त्यांतला पाऊण तास आपण कसे भेटलो यात जातो, आणि स्वतःच्या विनोदाला स्वतःच आधी हसतात. माझा तास चाळीस मिनिटांचा असतो. घंटा नसेल तर माणूस किती वाहवतो ते कळले. रकाना कोरा राहणार असे कन्येला कळवले, तर तिचे उत्तर आले, "मग आजीचं रेकॉर्ड करा की. मोबाईल ठेवायचा आणि गप्प बसायचं. तुम्हांला गप्प बसणं जमलं तर!"

विरूपाक्षांची टेप डोक्यात होतीच. नागपंचमीचा मुहूर्त धरला. ती यंदा २९ जुलैला होती.

आमच्या घरी पंचमीला पातोळ्या असतात. हळदीची पाने परसात आहेत. तांदळाच्या पिठाचा हात पानावर फिरवायचा, गूळखोबरे घालायचे, पान दुमडून वाफेवर ठेवायचे. घरभर जो वास सुटतो त्यासाठी मी शाळेतून लौकर येतो. खाण्याच्या रकान्यात मी पंचमीच्या आधीच पातोळ्या लिहून ठेवल्या होत्या. पण आदल्या दिवशी सकाळी आई सौ.ला म्हणाली, "उंडि केल्या नाहीस?"

सौ.ला कळले नाही. मी सांगितले, लाडू म्हणते आहे. तिकडे बैलहोंगल-धारवाड भागात पंचमी म्हणजे लाडवांचा सण. शेंगांचे, तंबिट्टाचे, आणखी कशाकशाचे डबे भरतात, ज्वारीच्या लाह्या फोडतात, झाडाला झोका बांधतात आणि लग्न झालेल्या मुली माहेरी येतात. आमच्या घरात आई आल्यापासून पासष्ट वर्षांत पंचमीला शेंगांचा लाडू झाला नव्हता. तिने कधी मागितला नव्हता.

सौ.ने पदर खोचला. तिचा हा गुण मी मान्य करतो, आधी वाद घालते पण एकदा ठरले की मागे बघत नाही. दाणे मंद भाजले, सालं पाखडली. मिक्सर काढला तर आई म्हणाली, "उखळात." उखळ माळ्यावर होते, ते मी उतरवले. दाणे कुटताना तेल सुटेपर्यंत थांबायचे, मग किसलेला गूळ घालून पुन्हा कुटायचे, वेलची टाकायची. तूप लागत नाही, दाण्याच्या तेलावरच लाडू वळतो. हे सगळे आई पाटावर बसून सांगत होती आणि सांगता सांगता तिचे मराठी पातळ होत होते. आधी एखादा शब्द कन्नड, मग अर्धे वाक्य. सौ. कारवारकडची, तिला कन्नड बेताचे. पण हाताचे काम हाताला कळते. दोघी एकीकडे मराठी, एकीकडे कन्नड बोलत तासभर लाडू वळत होत्या आणि कोणालाच अडले नाही. मी पहिला लाडू देवाआधी खाल्ला. दाणा पुरता बारीक झालेला नव्हता, दाताखाली येत होता, आणि गूळ किंचित कमी. यादीतल्या पातोळ्या खोडल्या. कुंद्याचे कौतुक करायला बेळगावचे मिठाईवाले समर्थ आहेत.

पंचमीच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला आईसमोर बशीत दोन लाडू ठेवले, मोबाईल सुरू करून उशीजवळ ठेवला आणि कन्येने सांगितल्याप्रमाणे गप्प बसलो. बाहेर आमचा नेहमीचा पाऊस. आई बराच वेळ काही बोलली नाही. लाडवाचा तुकडा तोंडात घोळवत होती. मग माझ्याकडे बघून तिने ओळखीचे हसून विचारले, "यावाग बंदी, तम्मा?"

कधी आलास, असे ती विचारत होती. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मामाला ती तम्माच म्हणायची.

डॉक्टरांनी सांगितले आहे, चुकली की हळूच सुधारा. मी तोंड उघडले, आणि काय सांगायचे ते कळेना. मी तुझा मुलगा, असे सांगितले तर ती परत मराठीत येईल. आणि मामा, जो तिला न्यायला आलाय, तो जाईल. ती पुढे म्हणाली, "एष्ट तडा माडिदी." किती उशीर केलास.

मी म्हटले, "मळि इत्तु, अक्का." पाऊस होता, अक्का.

बोलून गेलो तेव्हा माझेच कान तापले. आईशी मी बोललेले हे पहिले कन्नड वाक्य. माझे उच्चार कचेरीतले. पण तिने काही मनावर घेतले नाही. तिने विचारले, बैल बरे आहेत का, आव्वाचा खोकला गेला का, झोका कुठल्या झाडाला बांधलाय. मी मला येईल तशी उत्तरे दिली. बैल बरे आहेत. खोकला गेला. झोका चिंचेला बांधलाय. मला वाटते, चिंचेचे उत्तर बरोबर निघाले असावे, कारण ती मान हलवून खूष झाली. मग एकदम तिने माझे मनगट धरले, दाराकडे बघितले आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मेल्लक माताडु. हुडुग मन्याग अदान."

हळू बोल. पोरगा घरात आहे.

मोबाईल चालू होता. नंतर ऐकले तर त्या जागी बराच वेळ फक्त पावसाचा आवाज आहे आणि एकदा बशी सरकल्याचा. मग आईचा आवाज येतो, ती लाडू खा म्हणून सांगते आहे. पुढे मी जे काही म्हणालो ते रेकॉर्डिंगमध्ये नीट आलेले नाही आणि त्याचे मला वाईट वाटत नाही.

सगळे मिळून बावीस मिनिटे भरले. महिनाअखेर कन्येला यादी पाठवली, सोबत रेकॉर्डिंगची पहिली सोळा मिनिटे. पॉडकास्टच्या रकान्यात लिहिले, 'आजी, भाग पहिला'. कापायचे कसे ते बेंगळुरातल्या धाकट्याने फोनवर शिकवले. कापलेले काय आहे, असे त्याने विचारले, तेव्हा मी विषय बदलला. आठ दिवसांनी त्याला ती उरलेली सहा मिनिटेही पाठवली. त्याचे कन्नड आता माझ्यापेक्षा चांगले आहे, त्याला समजून सांगावे लागले नाही. त्याचा रात्री उशिरा फोन आला. काही विशेष बोलला नाही. लाडू उरलेत का, एवढे विचारले. उरले नव्हते. सौ.ने दुसऱ्या दिवशी पुन्हा उखळ काढले.

कन्येच्या ऑफिसातल्या लोकांना 'थट्ट अंत हेळी' फार आवडले म्हणे. भाद्रपदाची यादी कुठे आहे म्हणून ती मागे लागली आहे. पट तसाच पडून आहे, अजून पुष्कळ ओळी कोऱ्या आहेत. आईच्या दुपारी हल्ली लांबत चालल्या आहेत. मी शाळेतून आलो की आधी तिच्याकडे डोकावतो, कधी तम्मा असतो, कधी नसतो. परवा रविवारी सकाळी मी अंथरुणातच होतो. ती दारात येऊन उभी राहिली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "शाळा नाही काय रे आज?"

"रविवार आहे, आई."

"मग पोरं जेवणार कुठं दुपारचं?" असे म्हणाली आणि माझे पांघरूण ओढून घडी घालायला लागली.